एकानं केलं, चौघांनी मार्क घेतले... ग्रुप प्रोजेक्ट बंदच करू का?

पत्र (थोडं कापून देतोय):

"सर नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यात एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्याकडं अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आली, त्यामुळे प्रोजेक्ट ग्रुपमध्येच करायचे असं ठरलं. नववीचे पाच-पाच जणांचे ग्रुप केले. एका ग्रुपनं मातीचा ओलावा बघून आपोआप पाणी सोडणारा पंप केला, तालुक्याच्या प्रदर्शनात दुसरा नंबर आला. पण खरं सांगायचं तर सगळं एकाच मुलानं केलं. दोन मुली चार्ट रंगवत होत्या, एक मुलगा सामान आणायचा, एक तर नुसता उभा. परीक्षकांनी त्यातल्या एका मुलीला विचारलं, हा सेन्सर काय मोजतो, तर तिनं त्या मुलाकडं बघितलं. आता त्या मुलाचे वडील शाळेत येऊन गेले. म्हणतात आमच्या पोरानं रात्र रात्र जागून केलं आणि मार्क सगळ्यांना सारखे कसे? हेडसर म्हणतात ग्रुप बंद करा, हुशार चार पोरं निवडा आणि जिल्ह्याला नंबर आणा. मला ते पटत नाही, पण मग काय करू तेही कळत नाही. मुलांना एकत्र काम करायला शिकवता येतं का, की तो स्वभावच असावा लागतो?"

मॅडम नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या मुलीपाशीच अडकलो. परीक्षकानं विचारलं आणि तिनं त्या मुलाकडं बघितलं... हे असं बघणं मी नोकरीभर बघत आलोय हो. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, डिप्लोमाच्या फायनल इयरला व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या टेबलासमोर चार पोरं उभी राहायची, प्रश्न कुणालाही विचारा, तिघांच्या माना एकाच दिशेला वळायच्या, सूर्यफुलासारख्या. तेव्हा तुमच्याकडंच काही बिघडलंय असं मनात आणू नका. इंजिनिअरिंगलाही हेच चालतं, आणि कंपनीत गेलेली माझी पोरं सांगतात की तिथंही फार वेगळं नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शिकवता येतं. स्वभावाचा भाग असतो पण थोडा. बाकी सगळं आपण त्यांच्यापुढं काम कसलं ठेवतो त्यावर आहे, आणि हे मला कळायला बरीच वर्षं लागली, कळलं तेही माझ्याच चुकीतून. ते आधी सांगतो, मग तुमच्या पंपाकडं येतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एक ग्रुप माझ्याकडं होता, चार पोरं, डिजिटल नोटीस बोर्ड करत होती, लाल एलईडीवर अक्षरं सरकतात तसा. त्यातला एक जण भारी होता, आतल्या 8051 चिपचा सगळा प्रोग्रॅम त्यानं एकट्यानं असेंब्ली भाषेत लिहिलेला. दुसऱ्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणलं, तिसऱ्यानं लाकडी पेटी केली, वडील सुतार होते त्याचे, पेटी अशी झालेली की बघत राहावं, आणि चौथ्यानं ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, टाइप केलं. मी गाइड. वर्षभर मी काय केलं? कॉरिडॉरमध्ये तो भारी पोरगा दिसला की त्यालाच विचारायचो, काय रे कुठवर आलंय? कारण ते सोपं पडायचं, दोन मिनिटात उत्तर मिळायचं. बाकीच्या तिघांना मी वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही. एकसुद्धा नाही.

बाहेरचे परीक्षक यायच्या तीन दिवस आधी त्याला कावीळ झाली. बोर्ड चालू केला तर एकही अक्षर धड नाही, नुसते वेडेवाकडे ठिपके. मग आम्ही प्रोग्रॅमचं लिस्टिंग घेऊन बसलो, मी, सामान आणणारा आणि टाइप करणारा, सकाळपासून. लेबलं (प्रोग्रॅममधल्या भागांची नावं) काय तर एल1, एल2, एल3, शेजारी एका शब्दाची टीप नाही. पेटीवाला पोरगा खिडकीपाशी बसून होता. दुपारी कधीतरी, साडेतीन वाजले असतील, तो हळूच म्हणाला, सर, परवा मी व्हार्निश मारताना ती चपटी केबल काढली होती, परत लावताना उलटी तर नसेल ना लागली? उलटीच लागली होती. फिरवली, बोर्ड चालू. मी त्याला म्हटलं, अरे मग सकाळपासून बोलला का नाहीस? तर म्हणाला, सर मला वाटलं प्रोग्रॅमचं काहीतरी आहे, त्यातलं मला काय कळतंय.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याला ते वाटायला मीच लावलं होतं ना. वर्षभर.

आता तुमचा पंप. राग मानू नका, पण ते काम एका माणसाचंच आहे. एक अर्डुइनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एक ओलाव्याचा सेन्सर, एक रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच), एक छोटा पंप, वीसेक ओळींचा प्रोग्रॅम. यूट्यूब बघून एक चुणचुणीत पोरगं दोन रात्रीत करतं. एका माणसाचं काम पाच जणांना दिलं की एक करणार आणि चार बघणार, त्यात त्या चौघांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही, त्यांनी हात घालायचा कुठं? वायरी खोचायचा ब्रेडबोर्ड तळहाताएवढा, त्यावर दोन हात मावतात. मग मुली चार्टकडं वळतात, कारण तिथं जागा असते आणि "तुझं अक्षर छान आहे ना" म्हणून आपणच पाठवतो त्यांना तिकडं.

म्हणून ग्रुप बदलत बसण्याआधी काम बदला. असं काम द्या की जे एकट्याला कितीही हुशार असला तरी जमणारच नाही. असं एक काम सांगतो, खर्च जवळपास शून्य.

पृथ्वीचा घेर मोजा. इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये केलेलं तेच, पुस्तकात कुठंतरी चौकटीत येऊन जातं. फक्त त्याला दोन गावं लागतात, एक दक्षिणेला एक उत्तरेला, आणि एक शाळा एका दिवशी दोन गावात असू शकत नाही. तुम्ही कोल्हापूरकडच्या, तर जळगाव साइडची एखादी शाळा गाठा. दोन्हीकडं एक मीटरची काठी ओळंब्यानं एकदम सरळ उभी करायची आणि दुपारी सगळ्यात आखूड सावली किती पडते ते मोजायचं, दोघांनी एकाच दिवशी. 23 सप्टेंबरच्या आसपास केलं तर कोल्हापुरात साधारण 30 सेंटीमीटर येईल आणि जळगावला 38 च्या पुढं. नववीला त्रिकोणमिती आहेच, नाहीतर सरळ कागदावर त्रिकोण काढून कोनमापक लावा, काठीच्या टोकाशी होणाऱ्या दोन्हीकडच्या कोनांत सव्वाचार अंशांच्या आसपास फरक निघतो, आणि पृथ्वी गोल असल्यामुळं तेवढाच कोन त्या दोन गावांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होतो. दोन गावांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढायचं, एसटीच्या तिकिटावरचं नाही, ते पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. सव्वाचार अंशाला पावणेपाचशे, तर 360 अंशाला किती? चाळीस हजारांच्या जवळपास. झाला घेर.

ह्यात मजा कुठं आहे सांगतो. काठी सरळ आहे का हे बघणारा एक लागतो. सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खूण करणारा एक, घड्याळ आणि वही सांभाळणारा एक. घड्याळातल्या बाराला मोजून चालत नाही कारण आपल्याकडं खरी दुपार उशिरा होते, त्या दिवसांत सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, म्हणून बारापासून पाऊण वाजेपर्यंत खुणा करत राहायचं आणि सगळ्यात आखूड कुठली ती नंतर शोधायची. आणि इथं एक सेंटीमीटर चुकला की पृथ्वी चार-पाच हजार किलोमीटरनं लहान नाहीतर मोठी होते! हे पोरांना आधी सांगायचं नाही. दोन शाळांचे आकडे एकत्र येऊन घेर 45 हजार निघाला की आपोआप भांडण सुरू होतं, तुमची काठी वाकडी होती, नाही तुमचीच जमीन उताराची होती, आणि मग दोन्हीकडची पोरं फोनवर एकमेकांना आपापली पद्धत समजावून सांगायला लागतात. ते भांडण म्हणजेच तुम्हाला जे शिकवायचंय ते. तिथं तुम्ही मध्ये पडू नका, चहा घ्या.

हुशार मुलगा इथं काय करणार? त्याला जळगावच्या सावलीचा आकडा घरबसल्या यूट्यूबवर मिळत नाही. त्याला तिकडच्या अनोळखी पोरावर विश्वास ठेवावा लागतो, आणि विश्वास ठेवायचा म्हणजे त्याला नीट प्रश्न विचारावे लागतात.

हे सगळं खेळण्यातलं वाटत असेल हेडसरांना, तर त्यांना एकदा खोडदला घेऊन जा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती दुर्बीण लोकांसाठी खुली करतात, शाळांची प्रदर्शनं असतात, जत्रा असते अगदी. तिथं 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, 14 मधोमध एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या 16 तीन फाट्यांवर पसरलेल्या, टोकाचं अंतर 25 किलोमीटरपर्यंत जातं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमनं उभी केली, तारेची जाळी वापरून, म्हणून एवढी मोठी असून परवडली. तर एकटी डिश आकाशाचं तसं बारीक चित्र काढूच शकत नाही. प्रत्येक डिशचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक डिशच्या सिग्नलशी ताडून बघतात, आणि चित्र निघतं ते त्या जोड्यांमधून. 30 डिशच्या जोड्या किती? पोरांना फळ्यावर काढायला लावा, 435 येतात. एक डिश बंद पडली की एक नाही जात, 29 जोड्या जातात. मी मुलांना घेऊन जायचो तेव्हा डिशच्या खाली उभं करून हाच हिशोब करायला लावायचो.

आता तुम्ही म्हणाल सर, पंप तर झालाय, त्याचं काय करू. टाकून देऊ नका. त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा असेल बघा, 500 नाहीतर 600, सेन्सरचं रीडिंग त्याच्या पलीकडं गेलं की पंप चालू. अर्डुइनोवर ते रीडिंग 0 ते 1023 असं येतं. त्याला विचारा, हा आकडा कुठून आणलास? पैजेवर सांगतो, व्हिडिओतून. आणि तो व्हिडिओ केलेल्या माणसाची माती वेगळी होती.

इथून पुढचं काम पाच जणांचं आहे, पाच काय दहाही लागतील. तुमच्याकडं काळी आहे, तांबडी आहे, नदीकाठची रेताड आहे. प्रत्येकाची कुंडी वेगळी करा, उन्हात वाळवून घ्या, मग मोजून थोडं थोडं पाणी घालत प्रत्येक वेळी रीडिंग लिहा. सगळ्या मातींचे आलेख वेगवेगळे येतील. आणि मग खरा प्रश्न, पाणी नेमकं कधी द्यायचं? तो प्रश्न अर्डुइनोला कळत नाही, शेतकऱ्याला कळतो. वाफसा, म्हणजे जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी नेमकी ओल! तुमचा तो "नुसता उभा" असलेला मुलगा शेतकऱ्याघरचा आहे का एकदा बघा. असला तर त्याला मूठभर माती दाबून वाफसा आलाय की नाही हे सांगता येत असेल, निदान त्याच्या आजोबांना तरी येईलच, आणि त्या क्षणी सेन्सरचं रीडिंग काय होतं ते लिहून घेतलं की तुमच्या पंपाला पहिल्यांदा अर्थ येतो. आणखी एक, त्या दोन दातांच्या स्वस्त सेन्सरचे दात आठ-पंधरा दिवसांत खराब व्हायला लागतात, ओल्या मातीत सतत करंट सोडल्यामुळं, आणि रीडिंग सरकतं. म्हणजे रोज एक ठरलेली कुंडी तपासणारं कुणीतरी हवं. ती मुलगी, जिनं परीक्षकांसमोर त्या मुलाकडं बघितलं, तिनं तीन आठवडे हे रीडिंग घेतलं ना, तर सेन्सर काय मोजतो हे ती त्या मुलापेक्षा चांगलं सांगेल, कारण सेन्सर कधी खोटं बोलतो हे तिला माहीत असेल.

ग्रुप पाच जणांचा नको. तीन, फार तर चार. पाचवा माणूस म्हणजे चहा आणणारा. मध्य प्रदेशात 1972 पासून होशंगाबाद विज्ञान म्हणून कार्यक्रम चालायचा, सोळा सरकारी शाळांत सुरू झालेला, तिथं मुलं चार-चारच्या टोळीनं स्वतः प्रयोग करायची आणि टोळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून वर्गात चर्चा व्हायची. तीस वर्षं चालला, 2002 मध्ये सरकारनं बंद केला, तो वेगळा विषय, आत्ता नको. पण सरकारी शाळेत, मोठ्या वर्गात, साध्या किटवर हे चालतं एवढं त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा "आमच्याकडं सोय नाही" हे कारण मला सांगू नका, तुमच्याकडं तर थ्रीडी प्रिंटर आलाय म्हणे (त्यावरचं प्लास्टिक काढलंय ना? बऱ्याच शाळांत डेड स्टॉक रजिस्टरच्या भीतीनं कपाटाला कुलूप असतं, मुलांनी मोडलं तर कोण भरणार म्हणून. मोडू दे हो. सहा महिन्यांत एकही मल्टीमीटर जळाला नाही तर लॅब वापरलीच नाही असं मी समजतो).

आता हुशार मुलाचं. त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटता कामा नये, त्यानं मेहनत केलीच आहे. त्याच्यासाठी माझी एक युक्ती, आठवड्यातून एक तास "हात मागे". ज्याला येतं त्यानं हात पाठीमागं बांधायचे, फक्त तोंडानं सांगायचं. ज्याला येत नाही त्यानं वायर हातात घ्यायची. प्रोग्रॅमिंगवाले असंच काहीसं करतात, एक जण कीबोर्डवर आणि दुसरा शेजारी बसून बोलत राहतो, मग अदलाबदल, त्याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. पहिल्या दिवशी तो मुलगा तडफडेल, अरे ती लाल वायर, लाल, नाही रे ती नाही! आणि पंधरा मिनिटांनी त्याच्या लक्षात येईल की "ती लाल वायर" म्हणून चालत नाही, सेन्सरच्या सिग्नल पिनपासून अर्डुइनोच्या ए-झिरो पिनला जाणारी वायर असं म्हणावं लागतं. त्याचं त्याला पहिल्यांदाच नीट कळेल. त्याच्या वडिलांना हेच सांगा, की तुमच्या मुलाला करता येतं, आता सांगता यायला शिकतोय, आणि पुढं इंटरव्ह्यूला तेच विचारतात. वडिलांना इंटरव्ह्यू हा शब्द लगेच पटतो, अनुभवाचं सांगतो.

पण वडिलांचं मार्कांबद्दलचं म्हणणं खोटं नाहीये, ते उडवून लावू नका. सगळ्यांना सरसकट सारखे मार्क हा अन्यायच आहे. मी शेवटी असं करायला लागलो होतो, निम्मे मार्क ग्रुपचे, निम्मे ज्याचे त्याचे. आणि ग्रुपचे मार्क कसे, तर चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव येईल त्यानं कुठल्याही भागावर उत्तर द्यायचं, त्याचं उत्तर तेच सगळ्यांचं उत्तर. हे महिनाभर आधी सांगून ठेवायचं. मग बघा हुशार पोरगा आदल्या दिवशी बाकीच्यांच्या घरी जाऊन त्यांना शिकवतो की नाही! मैत्रीपोटी नाही हो, मार्कांपोटी. चालतंय. मैत्री मागून येते कधीकधी, नाही आली तरी सेन्सर कळतो.

धड्याला पण हे लावता येतं, प्रयोगच पाहिजे असं नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये ऑस्टिनला 1971 साली शाळांत गोरी, काळी, मेक्सिकन मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा एलियट अॅरॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे केले आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. परीक्षा सगळ्या धड्यावर. म्हणजे ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याचंही ऐकल्याशिवाय पर्याय नाही. जिगसॉ म्हणतात त्याला. तुमच्या दहावीचा अवकाश मोहिमांचा धडा असा मस्त तुटतो, एकाला प्रक्षेपक, एकाला कक्षा, एकाला उपग्रहांचे प्रकार, एकाला अवकाशातला कचरा. कचरा सगळ्यात अबोल पोराला द्या, त्यात सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

आणि वही. ह्यावर मी जरा जास्तच बोलतो, पोरं कंटाळायची. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वयम् नावाचा किलोभराचा उपग्रह केला, 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटनं वर गेला. काम सुरू केलं होतं 2008 ला. आठ वर्षं! इंजिनिअरिंग चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी सुरू केलं ती पोरं उड्डाणाच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेली, आणि ज्यांनी संपवलं ती सुरुवातीला शाळेत होती, कदाचित तुमच्या नववीतच. एकमेकांना न भेटलेली मुलं एका टीममध्ये होती, आणि ते कसं होतं तर मागच्यानं पुढच्यासाठी नीट लिहून ठेवलं तरच. माझ्या नोटीस बोर्डवाल्याचं एल1, एल2, एल3 आठवतंय ना. म्हणून तुमच्या पंपाला एक वही ठेवा, रोज वेगळ्यानं लिहायची, आणि पुढच्या वर्षीच्या नववीला नवा प्रोजेक्ट देऊ नका, ही वही आणि हा पंप द्या, म्हणावं इथून पुढं न्या. ते पहिल्या आठवड्यात मागच्यांना शिव्या घालतील, अक्षर लागत नाही, तारीख नाही, ही कुठली कुंडी? घालू द्या. आणि मग स्वतः तारीख लिहायला लागतील.

कामं आलटून पालटून द्यायची हे वेगळं सांगायला नको, पण एक पाळाच, मुलीला पहिल्या दिवशी चार्ट नाही. पहिल्या दिवशी सोल्डरिंग, म्हणजे वायरी डाग देऊन जोडणं. चार्ट सगळ्यांनी मिळून शेवटच्या दिवशी, वाईट झाला तर होऊ दे.

सगळंच ग्रुपमध्ये करायचं असाही अट्टाहास नको, तो आजकाल फार झालाय. मल्टीमीटर धरायला, पहिला सोल्डर जॉइंट मारायला, आलेखाचे अक्ष आखायला प्रत्येकानं एकट्यानं शिकायचं, कुणाच्या खांद्यावरून बघून नाही. ते येत नसलेली चार पोरं एकत्र आली तर चौघांची मिळून गोंधळाची टीम होते. आणि एखादा खरंच कामचुकार असतो, हो, असतो. त्याला आधी विचारा, संध्याकाळी गोठ्यात नाहीतर दुकानात असतोस का. नसेल, आणि तरी करत नसेल, तर त्याचे निम्मे मार्क त्याच्या हातात आहेतच, त्यापलीकडं तुम्ही झोप उडवून घेऊ नका.

हेडसरांना नकार देऊ नका, उगाच वैर कशाला. चार हुशार पोरं जिल्ह्याला न्यायची तर न्या, फक्त म्हणावं सर, ह्या वेळी त्या चौघांत वाफसा ओळखणारा पण घेतेय आणि तीन आठवडे रीडिंग घेतलेली मुलगी पण. परीक्षकांनी तिला विचारलं तर ती कुणाकडं बघणार नाही, टेबलावरच्या वहीकडं बघेल, आणि ते चालतं.

सावलीच्या प्रयोगासाठी जळगावकडं कुणी ओळखीचं नसेल तर मला कळवा, माझा एक जुना विद्यार्थी तिकडं शाळेवर आहे, उत्साही आहे, फोन उशिरा उचलतो एवढंच. सप्टेंबरात पावसाचं काही खरं नसतं, म्हणून 22, 23, 24 तिन्ही दिवस धरून ठेवा, दोन्हीकडं एकदम ऊन पडलेला दिवस मिळाला पाहिजे. आणि ओळंबा गवंड्याकडून खरा आणा, दोऱ्याला खोडरबर बांधलेला चालत नाही, वाऱ्यानं हलतो.